कोपराच्या घडीतली खाज

प्रश्न : दोन वर्षांच्या मुलीच्या कोपराच्या, गुडघ्यामागच्या घडीत हिवाळ्यात खाजरे चट्टे उठतात. मेडिकलमधल्या ट्यूबने जातात, पुन्हा येतात. दूध, अंडी बंद करू का? – एक आई, रिसोड

उत्तर : ताई, वर्णनावरून हा इसब, म्हणजे एक्झिमा वाटतो. तो संसर्गजन्य नाही. अशी त्वचा ओलावा धरत नाही, कोरड्या थंडीत जास्तच चिडते. कोमट पाण्याने अंघोळ लवकर उरका आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन सढळ हाताने लावा, चट्टे नसतानाही. ती ट्यूब परस्पर वापरू नका. अशा अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते, त्याने कोवळी कातडी पातळ होते. डॉक्टरांनी दिलेले सौम्य स्टेरॉइड मात्र भीतीपोटी अर्धवट सोडू नका. दूध-अंडी मनाने तोडू नका, वाढीचे वय आहे. चट्ट्यांतून पाणी आले, पिवळी खपली धरली तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा.