बर्फगाडीचे मागील सस्पेन्शन : पुनर्जोडणीचा एक पाठ

काश्मीरमधील गुलमर्ग येथे पर्यटक ज्या ‘स्नो-स्कूटर’वर बसून हौस भागवितात, ती बर्फगाडी कॅनडाच्या उत्तरेकडील वस्त्यांत हौसेची वस्तू नाही. क्वेबेक प्रांतातील व्हालकूर गावचे जोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा दोन वर्षांचा मुलगा 1934 च्या हिवाळ्यात आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद असल्यामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला. पुढे 1937 मध्ये त्यांनी दातेरी चाक व पट्टा यांच्या रचनेचे पेटंट मिळविले. 1959 मध्ये त्यांची लहान ‘स्की-डू’ बाजारात आली. निर्जन प्रदेशात हे यंत्र बंद पडले, तर थंडीतच माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून त्याच्या दुरुस्तीचा हा पाठ तंत्रशिक्षण घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसमोर ठेवीत आहे.

गाडीच्या पुढे दोन स्की असतात आणि मागे रबरी पट्टा फिरतो. या पट्ट्याच्या पोटात दोन लांब रुळांचा एक सांगाडा बसविलेला असतो; त्यालाच मागील सस्पेन्शन म्हणतात. रुळांच्या तळाला प्लॅस्टिकच्या घसरपट्ट्या असून त्यांना वंगण व गारवा बर्फाकडूनच मिळतो. कोरड्या कडक जमिनीवर गाडी पळविल्यास त्या वितळतात. हा सांगाडा पुढच्या व मागच्या अशा दोन बाह्यांनी गाडीच्या ॲल्युमिनियमच्या बोगद्याला जोडलेला असतो. बहुतेक गाड्यांत प्रत्येक बाहीला दोन, म्हणजे एकूण चार बोल्ट असतात. बेअरिंग, घसरपट्ट्या वा दांडे तपासण्यासाठी तो काढणे सोपे आहे. खरी परीक्षा पुन्हा बसविताना होते.

बसविण्यापूर्वी सर्व दांडे पुसून त्यांना ग्रीस लावावे आणि पट्ट्याचे ताण देणारे स्क्रू पूर्ण ढिले करावेत. पिळाच्या स्प्रिंगांची लांब टोके मात्र या वेळी खाचेत अडकवू नयेत. ताणलेली स्प्रिंग बाहीला रेटते आणि छिद्रे समोरासमोर येत नाहीत. मग उतावीळ कारागीर हातोडा उचलतो, आणि बोल्टचे आटे जातात. तीच स्प्रिंग निसटली तर बोटही मोडू शकते.

सांगाडा तिरका धरून प्रथम पुढची बाही बोगद्याच्या छिद्रांशी आणावी. बोल्ट पान्याने नव्हे, बोटांनी चार-पाच आटे फिरवावा. बोटांना तो जड लागला, तर तो आडवा गेला आहे असे समजून बाहेर काढावा. त्यानंतर मागची बाही बसवावी. चारही बोल्ट आट्यांत पकडले जाईपर्यंत एकही आवळू नये, हा या कामाचा गाभा. पहिला आवळला की सांगाड्याची हालचाल थांबते आणि चौथ्याचे छिद्र कधीच सापडत नाही. पाली भाषेत ज्याला ‘अप्पमाद’ म्हणतात, त्या सावधपणाची गरज कार्यशाळेतही भासते ती अशी!

आवळताना आणखी एक खोच आहे. एका बाजूचा बोल्ट फिरविला की आतील आडवा दांडाही फिरून दुसऱ्या बाजूचा बोल्ट सैल होऊ शकतो. म्हणून दोन्ही बाजू आलटून पालटून, निर्मात्याच्या पुस्तिकेतील मापानुसार टॉर्क पान्याने आवळाव्यात आणि सांगितले असेल तेथे आटे घट्ट धरणारा द्रव लावावा. स्प्रिंगांची टोके खास हुकाने खाचेत नेण्याचे काम यानंतरचे.

पट्ट्याचा ताण मात्र अंदाजाने ठरवू नये. मधोमध ठरावीक वजन लटकवून रूळ व पट्टा यांतील अंतर मोजतात. हे माप प्रत्येक गाडीचे निराळे. नंतर मागचा भाग उचलून पट्टा सावकाश फिरवावा. तो डावीकडे सरकत असेल, तर डावीकडचा ताण वाढवावा. या वेळी मागे कोणीही उभे राहू नये, कारण पट्ट्यातून खडा वा बर्फाचा तुकडा वेगाने सुटतो.

पहिली फेरी मऊ बर्फात आणि वस्तीच्या जवळच घ्यावी. परत आल्यावर चारही बोल्ट पुन्हा तपासावेत. पट्टा नवा असेल तर तो सुरुवातीला सैल पडतो. त्याचा ताणही पुन्हा मोजावा.