गिऱ्हाईक बांधलेले की जोडलेले?

जिवतीसारख्या डोंगरावरच्या गावात दुकान चालविणाऱ्याला एक चिंता कायम असते. गिऱ्हाईक डोंगर उतरून गडचांदूरला जाईल, नाहीतर मोबाईलवरून माल मागवील. मग भाव पाडावेत की उधारी वाढवावी? याचा अभ्यास आज आपण एका दूरच्या धंद्यावरून करू. तो धंदा म्हणजे इंटरनेटवरून संगणकाचे गेम विकणारी दुकाने. गेमच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे नाही. धंद्याची रीत तेवढी पाहावयाची आहे. तेथे गोदाम नाही, वजनकाटा नाही आणि माल बहुधा सारखाच. म्हणून ग्राहक कशाने टिकतो, हे तेथे स्पष्ट दिसते.

फुकटाने काय साधले?

अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीने २००३ मध्ये 'स्टीम' हे दुकान काढले. डिसेंबर २०१८ मध्ये 'एपिक' स्पर्धेत उतरले. गेम बनविणाऱ्याकडून स्टीम साधारण ३० टक्के कापून घेई. एपिकने १२ टक्केच घेतले. ग्राहकांना गेम फुकट वाटले. काही गेम ठरावीक काळ दुसरीकडे मिळूच नयेत, असे करारही केले. २०१९ मध्ये 'मेट्रो एक्झोडस' असाच वर्षभर अडवला गेला. फुकटचे अनेकांनी घेतले, अडवणुकीवर ग्राहक चिडले, आणि पहिला क्रमांक स्टीमकडेच राहिला.

ग्राहक का थांबला?

याची दोन मोठी कारणे आहेत. पहिले म्हणजे परतीची सोय. जून २०१५ पासून स्टीमने नियम केला : १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर गेम परत करा, पैसे घ्या. त्याआधी परतीस नकार दिल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये खटला भरला होता. २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला.

दुसरे कारण वेगळे आहे. घेतलेले गेम ग्राहकाच्या स्टीम खात्यात राहतात; ते दुसऱ्या दुकानात नेता येत नाहीत. पहिल्या कारणाने ग्राहक जोडला जातो, दुसऱ्याने बांधला जातो. पोलंडच्या कंपनीने २००८ मध्ये काढलेले 'जीओजी' मात्र बिनकुलपाचे गेम विकते. दुकान लहान, पण टिकून आहे.

आपला हिशेब

आपल्याकडे हे कुलूप म्हणजे उधारीची वही. कापूस विकेपर्यंत शेतकरी आपल्याच दुकानी येतो. त्याला आपण निष्ठा समजतो. कुरआनात सूरह बकरामध्ये व्यवहार लिहून ठेवण्याची आणि अडचणीतल्या ऋणकोला मुदत देण्याची शिकवण आहे. उधारी ही मदत आहे, गळ्यातले दावे नव्हे. म्हणून :

१) उधारीची नक्कल गिऱ्हाईकाच्या हाती द्या.

२) परतीची मुदत पाटीवर लिहा. पस्तावलेल्या ग्राहकाचा सौदा परत घेणे, म्हणजे इकाला, हदीसमध्ये पुण्याचे काम सांगितले आहे.

३) मिस्त्रीने काढलेला जुना भाग आणि शिंप्याने उरलेले कापड मालकाला परत द्यावे.

४) शेजाऱ्याचा ठरलेला सौदा तोडू नका, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तसे करण्यास मनाई केली आहे.

कापसाचे पैसे हाती आल्यावर, वही कोरी झाल्यावर जो पुन्हा आपल्या दुकानाची पायरी चढेल, तोच आपला ग्राहक. बाकीचे येणेकरी.