बिनमिठाचा पाव आणि कोल्हापूरचे महाराज

फ्लॉरेन्स एका दिवसात बघून होत नाही, हे मलाही कळतं. पण आमच्याकडे एकच दिवस होता, आणि ह्यांच्याकडे एक्सेलमध्ये केलेला तक्ता होता. त्या दिवसात जे शिकलो ते असं.

१. घुमट चढायचा की नाही, यावरचं भांडण घरीच उरकावं.
कॅथेड्रलच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आणि लिफ्ट नाही. ह्यांनी पुण्यात बसून दोन तिकिटं काढली, माझ्या गुडघ्यांना न विचारता. शेवटी एकटेच वर गेले. ह्यांची उभी हयात स्लॅब आणि सेंटरिंगमध्ये गेलेली. ब्रुनेल्लेस्कीने जमिनीपासून सेंटरिंग न लावता १४२० ते १४३६ या काळात एवढा घुमट कसा उभा केला, हे विमानातच दोनदा ऐकवून झालं होतं. घुमटाला दोन कवचं आहेत, एकात एक, आणि जिना त्यांच्या मधल्या फटीतून जातो. तिथे भिंतीतल्या तिरप्या-उभ्या विटा हाताला लागतात म्हणे. ‘म्हणे’, कारण मी खाली चौकात, ब्रुनेल्लेस्कीच्या पुतळ्यापाशी बसले होते. तो हातात नकाशा घेऊन मान वर करून स्वतःच्या घुमटाकडे बघतोय. मीही वरच बघत होते, नवरा दिसतो का ते. बरा गेला वेळ.

२. डेव्हिड चौकात बघितला तरी चालतो.
खरा पुतळा १८७३मध्येच अकादमीत हलवला; चौकात उभी आहे ती नक्कल. रांग पाहून आम्ही नकलेवर समाधान मानलं. जाणकारांनी नाकं मुरडावीत.

३. कॉफी उभ्यानं प्यावी.
काउंटरपाशी उभं राहून प्यायलात तर एक दर, चौकातल्या टेबलावर बसलात तर दुसरा. दरपत्रकात दोन्ही लिहिलेले असतात. आम्ही ते बिल आल्यावर वाचलं.

४. पोंते वेक्योवर नवऱ्याचा वेग बघण्यासारखा असतो.
या जुन्या पुलावर पूर्वी खाटीक बसत. १५९३मध्ये ग्रँड ड्यूक फेर्दिनान्दोने त्यांना उठवलं आणि सोनारांना बसवलं. अजूनही दोन्ही अंगांना सोन्याचीच दुकानं. घुमटावरून उतरून पाय दुखताहेत म्हणणारे हे, त्या पुलावरून असे सुटले की मला हाका माराव्या लागल्या.

५. पावाबद्दल तक्रार करू नये.
जेवायला बसल्या-बसल्या पावाची टोपली आली. घास घेतला आणि ह्यांनी वेटरला बोलावलं, “मीठ विसरलात.” तो हसला. हा प्रश्न त्याला रोजचा असावा. तोस्कानाचा पाव बिनमिठाचाच असतो, मीठ सोबतच्या पदार्थांत. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ म्हणून बसल्याचे पैसे लागले, तेव्हा हे पुन्हा वेटरला बोलवायला निघाले. मी हात धरला.

शाकाहाऱ्यांनी इथे घाबरू नये, पण विचारून घ्यावं. बाजारात हातगाडीवर ‘लाम्प्रेदोत्तो’ नावाचं जे पावात घालून देतात ती आपल्या वजडीचीच बहीण, पण गाईची. आम्ही ‘रिबोल्लिता’ घेतली. शब्दाचा अर्थच ‘पुन्हा उकळलेली’. शिळा पाव, पांढरा घेवडा, काळपट पानांचा कोबी, वरून कच्चं ऑलिव्ह तेल. इतकी दाट की चमचा उभा राहावा. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या बाईला यात परकं काही वाटत नाही. ह्यांनी दुसरी वाटी मागवली, आणि या खेपेला तोच पाव तिच्यात कुस्करला.

६. तक्त्यात एक रकाना बायकोचा असावा.
संध्याकाळी टेकडीवरून सूर्यास्त बघायचा, असं तक्त्यात होतं. मी म्हटलं, “अहो, मला महाराजांकडे जायचंय.”

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इथे वारले. वय जेमतेम वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, आणि दहन ही तिथे कोणी न पाहिलेली गोष्ट. तरी परवानगी मिळाली आणि अर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. संगमच हवा होता, आणि तो सापडला. १८७४मध्ये तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँटचा, ज्याने पुढे आमचा नवा राजवाडा बांधला. मी शिकले राजाराम कॉलेजात, म्हणजे याच महाराजांच्या नावाच्या, आणि ते कुठे गेले हे मला पन्नाशीनंतर कळलं.

ट्रॅमने काशीने बागेपर्यंत गेलो आणि तिथून चालत राहिलो. बाग साडेतीन किलोमीटर लांब आणि महाराज अगदी शेवटच्या टोकाला. हे वाटेत तीनदा थांबले. आणि मग झाडांमधून ती छत्री दिसली. खाली फेटा बांधलेला, रंगवलेला अर्धपुतळा, दाढीमिशीही पुरती न भरलेला मुलगा. शेजारून सायकली जात होत्या. पलीकडच्या मोठ्या पुलाचं नावच ‘भारतीयाचा पूल’. मी चपला काढल्या. ह्यांनीही काढल्या, काही न बोलता.

परत निघेपर्यंत भूक लागली. हॉटेलांची स्वयंपाकघरं साडेसातशिवाय उघडत नाहीत, हेही एव्हाना शिकलो होतो. मग संगमाजवळच्या बाकावर बसून पिशवीतून भडंग काढलं. ह्यांनी मूठभर तोंडात टाकलं, चावलं आणि म्हणाले, “मीठ बरोबर आहे.”