हिपॅटायटिस-बी लशीचे संरक्षण किती वर्षे टिकते?

उलव्यातील आपल्या सभासदांत तरुण आई-वडील आहेत, रुग्णालयांत राबणारे आहेत, नर्सिंगचे विद्यार्थीही आहेत. लहानपणी घेतलेल्या लशीचा जोर ओसरतो का, हे प्रत्येकाने समजून घ्यावे.

सर्व डोस पूर्ण घेतलेल्या निरोगी व्यक्तीला किमान २० वर्षे, बहुधा आयुष्यभर संरक्षण मिळते. कालांतराने रक्तातील प्रतिपिंडे घटतात, परंतु पेशींना विषाणूची ओळख राहते. हा रोग प्रकट व्हायला दीड ते सहा महिने लागतात; तेवढ्या अवधीत शरीर नवी प्रतिपिंडे तयार करते. म्हणून निरोगी माणसाला सहसा बूस्टर लागत नाही. डायलिसिसच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी करावी. रुग्णसेवेतील कर्मचाऱ्यांनी तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासावे.

खरा धोका लस न घेतलेल्यांना आहे. सरकारी लसीकरणात ही लस २००२ साली प्रायोगिक स्वरूपात आली, देशभर पोहोचली २०११ मध्ये. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेकांना ती मिळालेलीच नाही. त्यांनी ०, १ व ६ महिने या क्रमाने तीन डोस घ्यावेत.

जन्मतः लागण झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ बाळांत हा आजार कायमचा ठाण मांडतो. म्हणून नवजात बाळाला पहिला डोस २४ तासांच्या आत मिळालाच पाहिजे. घरातील लसीकरण कार्ड आजच काढून पाहूया!