खुनाची मालिका : काय पाहावे आणि कसे पाहावे

रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार आपल्या अभ्यासक्रमात क्वचितच आढळतो. ग्रंथालयाच्या कपाटात मात्र त्याच पुस्तकांचे पुठ्ठे सर्वांत आधी निखळतात. आज हे वाचन बव्हंशी पडद्यावर गेले आहे. आमच्या गांधीबागेत कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक नसले की गल्ल्यावरचा मुलगा मोबाइलवर कसली तरी खुनाची मालिका लावतो. रात्री घरोघरी तेच चालते. तेव्हा ‘हे पाहू नका’ असे सांगण्यात अर्थ नाही. काय पाहावे आणि ते कसे पाहावे, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम थोडी परंपरा पाहू. एडगर ॲलन पो याची १८४१ साली प्रसिद्ध झालेली कथा ही आधुनिक गुप्तहेरकथेची सुरुवात मानली जाते. मराठीत हा प्रकार घरोघरी पोहोचविला तो बाबूराव अर्नाळकरांनी. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. हजारांवर कादंबऱ्या लिहिणाऱ्या या लेखकाचे धनंजय, झुंजार आणि काळापहाड हे नायक एका पिढीला घरच्या माणसांइतके ठाऊक होते. पुढे गुरुनाथ नाईक व सुहास शिरवळकर आले. शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास आजही वाचनालयांतून मागितला जातो. म्हणजे मराठी माणसाला खुनाच्या कोड्याचे वेड दूरचित्रवाणीने लावले, असे म्हणता येणार नाही. ते आधीपासूनच होते.

या मालिकांचे वर्गीकरण मी त्या विचारीत असलेल्या प्रश्नावरून करतो. खून झाला की तीन प्रश्न संभवतात : कोणी केला, सिद्ध कसा होणार, आणि का झाला.

‘कोणी?’ हा सर्वांत जुना प्रश्न. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्यांतील महत्त्वाचा असा की, गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही दिसला पाहिजे. या कसोटीस उतरणारी आपल्याकडील मालिका म्हणजे दूरदर्शनवरील ‘ब्योमकेश बक्षी’. १९९३ आणि १९९७ साली ती दोन भागांत दाखविली गेली. शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या बंगाली कथा, बासू चटर्जी यांचे दिग्दर्शन, रजित कपूर यांचा ब्योमकेश आणि के. के. रैना यांचा अजित. त्यातील एका कथेत ग्रामोफोनच्या पिनांनी खून होतात. ते कसे, हे येथे सांगणे शिष्टाचाराला धरून होणार नाही. परंतु ज्या वस्तूत उत्तर दडले आहे, तिचा आवाज आपल्या कानांवरून आधीच गेलेला असतो. प्रेक्षक फसतो, पण त्याला फसविलेले नसते. हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. आणखी एक विशेष असा की ब्योमकेश स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही. तो ‘सत्यान्वेषी’ आहे.

इंग्रजी समजत असेल त्याने याच वर्गातील ‘प्वारो’ अवश्य पाहावी. डेव्हिड सुशे यांनी १९८९ ते २०१३ या काळात सत्तर भागांतून ॲगाथा ख्रिस्तीचा हा बेल्जियन नायक साकारला. एकच नट एकाच पात्रासह म्हातारा होतो, हे पाहणे हाही एक निराळा अनुभव आहे. जेरेमी ब्रेट यांचा शेरलॉक होम्सही (१९८४ ते १९९४) याच तोलाचा आहे. ज्याला हसत-खेळत आरंभ करावयाचा असेल, त्याने १९८५ सालची ‘करमचंद’ घ्यावी. पंकज कपूर यांचा गाजर खाणारा गुप्तहेर आणि त्याची भोळी किटी आजही जुनी वाटत नाहीत.

‘सिद्ध कसा होणार?’ या प्रश्नाचा उत्तम नमुना म्हणजे अमेरिकन मालिका ‘कोलंबो’. येथे खुनी कोण हे पहिल्या काही मिनिटांतच आपल्याला दिसते. मग रहस्य कशाचे? तर चुरगळलेला रेनकोट घातलेला, बावळट वाटणारा हा पोलीस अधिकारी त्या श्रीमंत, हुशार माणसाला कसा गाठणार याचे. पीटर फॉक यांचा कोलंबो निरोप घेऊन दारापर्यंत जातो आणि एक शेवटचा प्रश्न विचारायला पुन्हा वळतो. त्या वळण्यात सगळे नाट्य आहे. शेवट आधी सांगूनही उत्कंठा टिकविता येते, हे कथालेखन करू पाहणाऱ्या मित्रांनी येथून शिकावे.

आपल्याकडील ‘सी.आय.डी.’चा उल्लेख टाळता येणार नाही. जानेवारी १९९८ ते ऑक्टोबर २०१८ अशी वीस वर्षे आणि पंधराशेंवर भाग, शिवाय २०२४ च्या डिसेंबरात पुनरागमन, हा लहान पराक्रम नव्हे. २००४ साली तिचा १११ मिनिटांचा एक भाग एकाच अखंड चित्रणात घेतला गेला. परंतु शिवाजी साटम यांच्या चाहत्यांची क्षमा मागून म्हणावेसे वाटते की, तेथे गुन्हेगार बहुधा पुराव्याने नव्हे, चपराकीने कबूल होतो. दार तोडणे आणि कोडे सोडविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आता ‘का?’ या प्रश्नाकडे वळू. येथे कोड्याची जागा समाज घेतो. मराठीत याचे उल्लेखनीय उदाहरण म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरात सोनी लिव्हवर आलेली ‘मानवत मर्डर्स’. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे स्त्रिया व लहान मुली यांचे लागोपाठ खून झाले. दुष्काळाचे दिवस, गुप्तधनाचा लोभ आणि नरबळीची अंधश्रद्धा अशी त्याची पार्श्वभूमी. तपास मुंबईचे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी केला. त्यांच्याच आठवणींच्या पुस्तकावर ही मालिका आधारलेली आहे. दिग्दर्शन आशिष बेंडे यांचे असून कुलकर्णींची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली आहे. खुनी कोण, हे कळल्यावरही ही मालिका संपल्यासारखी वाटत नाही. माणसे अशा गोष्टींवर विश्वास का ठेवतात, हा प्रश्न आपल्यापाशी राहतो. नरबळी व जादूटोणा यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात व्हावयास २०१३ साल उजाडावे लागले, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, हे आठवले म्हणजे ती कथा केवळ पन्नास वर्षांपूर्वीची राहत नाही.

आणि अखेर आपले नागपूर. १३ ऑगस्ट २००४ रोजी येथील जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत, भर दुपारी, अक्कू यादव या गुंडाला जमावाने ठार केले. त्या जमावात कस्तुरबानगरच्या स्त्रिया होत्या. वर्षानुवर्षे तो वस्तीत अत्याचार करीत होता आणि तक्रारींची दाद लागत नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. २०१४ साली न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींना निर्दोष सोडले. या घटनेवर उमेश विनायक कुलकर्णी यांनी केलेली ‘इंडियन प्रिडेटर : मर्डर इन अ कोर्टरूम’ ही तीन भागांची माहितीपर मालिका २०२२ साली नेटफ्लिक्सवर आली.

ही मालिका मी या लेखात मुद्दाम घेतली आहे. रहस्यकथेचे सारे नियम येथे उलटे होतात. खून बंद खोलीत नव्हे तर न्यायाच्या दारात झाला. साक्षीदार एक नव्हे, अनेक. तरीही ‘कोणी?’ या प्रश्नाला कायद्याच्या कागदावर उत्तर नाही. ब्योमकेशला येथे बोलावले असते तर त्याने कोणते सत्य शोधले असते? मारणारे हात, की ते हात उठेपर्यंत बंद राहिलेली दारे? त्या स्त्रियांविषयी मला सहानुभूती वाटते, परंतु जमावाने दिलेल्या शिक्षेचे समर्थन माझ्याने होत नाही. ही दोन्ही मते एकाच वेळी मनात बाळगावी लागतात. ती अस्वस्थता ही मालिका देते, म्हणून ती पाहावी. मात्र ती पाहताना पडद्यावर बोलणाऱ्या स्त्रिया आपल्याच शहरातील आहेत, आणि त्यांचे दुःख हा रात्रीचा विरंगुळा नव्हे, याचे भान असावे.

यावरून पाहण्याच्या तीन कसोट्या मला सुचतात. पहिली, मालिकेने धागे आपल्यापुढे प्रामाणिकपणे मांडले काय? योगायोगाने सुटणारे कोडे हे कोडेच नव्हे. दुसरी, खुनी सापडला तो विचाराने की मारहाणीने? मारहाणीची सवय पडद्यावर लागली की चौकीतील मारहाणही आपल्याला रास्त वाटू लागते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी मेलेल्या माणसाची. त्याला नाव, घर, आवडीनिवडी होत्या काय, की तो केवळ पहिल्या प्रसंगातील एक देह होता? ज्या मालिकेत मृताची आठवण शेवटपर्यंत राहते, ती मला चांगली वाटते.

वाचकमित्रांना एवढीच विनंती की, उन्हाळ्याच्या सुट्टीत या यादीतील एक तरी मालिका वरील कसोट्या लावून पाहावी. एकेक भाग पाहावा, मध्ये एक दिवस जाऊ द्यावा आणि आपला तर्क वहीत लिहून ठेवावा. तर्क चुकला तर पाहण्यातला आनंद दुणावतो. बरोबर आला, तर मात्र आपल्या प्राध्यापकांना अवश्य सांगावे. त्यांपैकी किती जण रात्री जागून हेच पाहतात, ते रहस्यही त्यानिमित्ताने उलगडेल.