दोष केबलचा नव्हता

आमच्या विहिरीवरचं पातळी मोजणारं यंत्र रात्रीतून मुकं व्हायचं. यूएसबी केबल काढून पुन्हा लावली की सुरू. तेवढ्यावरून पुरवठादाराने निदान ठोकलं: केबल सैल आहे, शिवाय गावाकडच्या लाईटचं काही खरं नसतं. यंत्र सोलर पॅनेल आणि बॅटरीवर चालतं, लाईटचा संबंधच नव्हता. आणि हे सांगायचं कुणाला, तर हिवरे बाजारच्या माणसाला! पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडणारं, त्यावरून पिकं ठरवणारं, शेतीसाठी बोअर घेऊ न देणारं हे गाव. नोंद बुडाली तर काय बुडतं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

ड्रायव्हर लिहिणं हाच माझा धंदा, म्हणून यंत्रातल्या ड्रायव्हरचा सोर्स कोड मागितला. टाळाटाळ झाली. लिनक्स कर्नल जीपीएल परवान्याखाली आहे, तो घालून यंत्र विकलं की गिऱ्हाइकाने मागितल्यावर त्याचा सोर्स द्यावाच लागतो, हे लेखी कळवल्यावर मिळाला.

बॅटरी वाचवायला यंत्र झोपतं. त्याआधी त्यांचा ड्रायव्हर यूएसबी पोर्टचं स्टेटस रजिस्टर वाचून त्यात वेक-अपचा बिट मिसळायचा आणि सगळं तसंच परत लिहायचा. त्या ओळीच्या आधी आणि नंतर मी रजिस्टर छापून पाहिलं. आधी हेक्समधला शेवटचा अंक ३, म्हणजे जोडलेलं आणि चालू. नंतर १, म्हणजे जोडलेलं पण बंद. माझं डोकंच फिरलं. पोर्ट यांचाच ड्रायव्हर बंद करत होता आणि बदलत आम्ही केबली होतो!

जुन्या ईएचसीआय यूएसबी कंट्रोलरमध्ये पोर्ट बंद करायला त्याच्या एनेबल बिटात ० लिहितात, या यंत्रातल्या नव्या एक्सएचसीआयमध्ये १. 'चालू' म्हणून वाचलेला १ तसाच परत लिहिला, की हार्डवेअर पोर्ट बंद करतं. जुनी सवय नव्या चिपवर तशीच लादलेली. त्यांच्या टेबलावर यंत्र कायम चार्जरवर, ते कधी झोपतच नव्हतं, मग दिसणार कसं?

तेव्हा रजिस्टरला हात लावण्याआधी डेटाशीटमधला प्रत्येक बिटाचा प्रकार वाचा. '१ लिहिल्यावर पुसला जातो' असे बिट परत लिहिताना मास्क करून शून्य करा, नाहीतर पोर्टवर काय बदललं याच्या खुणाही न वाचता पुसल्या जातात. लिनक्सच्या एक्सएचसीआय ड्रायव्हरमध्ये नेमकं याचसाठी पोर्टची अवस्था 'न्यूट्रल' करणारं छोटं फंक्शन आहे, ते वापरा. लिहिल्यावर रजिस्टर पुन्हा वाचून खात्री करा. चाचणी बॅटरीवर, झोपवून-उठवून घ्या. बिलं जपून ठेवा, बोलणं लेखी करा.

दुरुस्ती मी पाठवली, त्यांनी घेतली. नव्या आवृत्तीच्या पत्रकात तिचा उल्लेख 'किरकोळ सुधारणा' असा आहे. बदललेल्या केबलींचे पैसे अजून आलेले नाहीत.