हातांचा धंदा व आमची मुले

वाचावयाचा शास्त्रभाग : मार्क 6:1-3, प्रेषितांची कृत्ये 18:1-4 व 20:33-35.

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत मुलगा दहावीची परीक्षा उतरला म्हणजे आईबापांच्या डोळ्यांपुढे दोनच वाटा उभ्या राहतात : शाळेत मास्तरकी किंवा कचेरीत कारकुनी. मुलास यंत्राचे, विजेचे अथवा सुतारकीचे काम शिकवावे असे उपदेशकाने सुचविले, तर बाप क्षणभर गप्प बसतो आणि मग विचारतो, "एवढे शिकवून पुन्हा हातात हातोडाच द्यावयाचा काय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मेलेली गुरे ओढली, वेठीला धाव घेतली, आणि हे सर्व केवळ जन्मामुळे गळ्यात पडले म्हणून केले, त्यांस अंगमेहनतीचे नाव काढताच धाक वाटला तर नवल काय? अक्षर हाती आले तेव्हा कोठे त्यांची मान वर झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली जातिसंस्थेवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड आहे, आणि तीत मनुष्याच्या आवडीला व योग्यतेला काही किंमत नाही.

परंतु वाचकहो, जातीने आमच्या वाडवडिलांस कोणते काम दिले आणि कोणते नाकारले, हेही पाहावयास नको काय? मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकामाच्या खात्यात अस्पृश्य कामगारास उभे करीत नसत. तेथे सुताला तोंड लावावे लागे, आणि अस्पृश्याने हाताळलेले सूत इतरांस तोंडाशी नको होते. मजुरी मात्र त्याच खात्यात अधिक मिळे. 1928 सालच्या मोठ्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा अन्याय संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. ओझी उचलण्यास, झाडलोट करण्यास आमच्या लोकांना कोणी अडवीत नव्हते. कसबाच्या कामापाशी मात्र दार लावलेले होते. जी वस्तू इतक्या काळजीने आपल्यापासून दूर ठेवली गेली, ती हलकी असेल असे आम्हांस वाटत नाही.

आमच्या प्रभूस नासरेथकरांनी सुतार म्हटले ते गौरवाने नव्हे. ह्याला एवढे ज्ञान कोठून, असा त्यांचा टोमणा होता. पौलाची गोष्ट तर उपदेशकांनी विशेष मनन करण्याजोगी आहे. गमलियेलाच्या पायांशी बसून शास्त्र शिकलेला हा पंडित करिंथ नगरात अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवीत असे, आणि शब्बाथदिवशी सभास्थानात वाद करीत असे. इफिसाच्या वडिलांचा निरोप घेताना त्याने आपले हातच त्यांच्यापुढे साक्षीला धरले. त्याचे पोट कोणा धनिकाच्या मर्जीवर नव्हते, म्हणून त्याची जीभ मोकळी होती. ज्या मंडळीत सर्वच कुटुंबे मिशनच्या पगाराकडे किंवा जमीनदाराच्या खळ्याकडे डोळे लावून बसतात, ती आपल्या पाळकास स्वतःच्या बळावर कशी पोसणार?

आमच्या कल्याणच्या भागास तर ह्या गोष्टीचे स्मरण फार जुने आहे. साष्टीतील कान्हेरीच्या लेण्यांत, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले, कल्याणकरांनी दिलेल्या दानांचे लेख कोरलेले आहेत. एकात कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे, दुसऱ्यात कल्याणच्याच नद नावाच्या लोहाराने वाट बांधून दिल्याची. दोघांनीही नावाबरोबर आपला धंदा दगडात कोरविला. ते बौद्ध धर्माचे उपासक होते. पण स्वतःच्या कमाईतून धर्मकार्यास देणगी देणारे हे कारागीर आमच्या मंडळ्यांनी ओळखीचे करून घ्यावेत.

त्यानंतर 1 मे 1854 रोजी आगगाडी ठाण्याहून कल्याणास पोहोचली. येथून एक फाटा बोरघाटाकडे व दुसरा थळघाटाकडे निघाला. पहिला घाट 1863 साली व दुसरा 1865 साली गाड्यांस खुला झाला. वाफेची इंजिने गेली आणि विजेची आली. आज कल्याणच्या शेडमध्ये त्यांचीच दुरुस्ती होते. भाता विझला, तरी लोखंड जाणणारा हात लागतोच, आणि तो हात आता शिकवून तयार करावा लागतो. अंबरनाथ व उल्हासनगर येथील सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत तो शिकविला जातो. जोडारी म्हणजे फिटर, आणि वीजतंत्री, ह्यांचे शिक्षण दोन वर्षांचे. संधाता म्हणजे वेल्डर, त्याचे एक वर्षाचे. पुढे 1961 च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याप्रमाणे कारखान्यात उमेदवारी करता येते व त्या काळात विद्यावेतन मिळते.

सर्व काही गोडच आहे असे आम्ही म्हणत नाही. कंत्राटदाराच्या हाताखाली रोजावर राबवून घेणे फार चालते, काळ्या काचेवाचून वेल्डिंग करणाऱ्याचे डोळे जातात, आणि नुसते प्रमाणपत्र खिशात असून कानस नीट धरता न येणारे तरुणही आढळतात. कसबाला वर्षे द्यावी लागतात. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामावर लागलेला एक गरीब मुलगा तेथे व पुढे इतर छापखान्यांत काम शिकत राहिला. त्याने 1864 साली टाइपांचा स्वतःचा कारखाना काढला व 1869 साली निर्णयसागर छापखाना. ते जावजी दादाजी. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या अक्षरे कोरणाऱ्या कारागिराची त्यांस जोड होती, आणि त्यांच्या सुबक नागरी टाइपांची कीर्ती देशभर झाली.

मुलींनाही हे लागू आहे. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी स्त्रियांस खिळे जुळविण्यास व छापण्यास शिकविले, आणि बाईंनी भाषांतरिलेले मराठी पवित्र शास्त्र त्यांच्याच हातांनी छापले गेले.

उपदेशक बंधूंस एक सूचना. दहावीचा निकाल लागल्यावर ह्या संस्थांत प्रवेशाचे अर्ज सुरू होतात व ते संगणकावरून भरावे लागतात. काही व्यवसायांस दहावी न उतरलेला मुलगाही चालतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. गावात अर्जाची सोय नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला व गुणपत्रिका घेऊन आपण मुलाबरोबर तालुक्याला जावे. बापासही बरोबर न्यावे, आणि कार्यशाळा चालू असेल तर त्याला यंत्रापाशी काही वेळ उभे राहू द्यावे.